वायसर

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात
बत्तीस वर्षं मी हाडं ओवली.
पगारपत्रकावर शिपाई, मन्मथ शिवलिंगप्पा कोरे.
पोरं म्हणायची, मामा, आमचा हात तेवढा जोडून द्या,
परीक्षा उद्यावर आली.

पोत्यातून यायची हाडं, धुतलेली, उन्हात वाळवलेली.
मनगटाची आठ चिंचोक्यांसारखी
ओंजळीत खुळखुळायची,
एकाची जागा चुकली तर पंजा तिरळा.
हातड्रिलनं भोक, भोकातून पितळी तार,
पक्कडीनं एक पीळ, दोन पीळ.

कोपराची बिजागरी. दाराला एकच अंग,
उलटं ढकलाल तर मोडेल.
मांडीचा गोळा खुब्याच्या उखळीत असा बसायचा
की बोटानं फिरवत राहावंसं वाटायचं,
साहेब येईपर्यंत.
मानेत दुसऱ्या मणक्याला जात्याचा खुंटा आहे,
पहिला त्याच्याभोवती फिरतो,
तेवढ्यावर माणूस आयुष्यभर 'नाही' म्हणतो.
'होय' त्याच्या वर, कवटीच्या बुडाशी ठेवलंय.

कवटीला तार कधी लावली नाही.
तिथं आधीचीच शिवण,
गोधडीच्या टाक्यांसारखी नागमोडी, हलत नाही.
उसवायचीच असली तर हरभरे भरायचे आत
आणि कवटी पाण्यात ठेवायची.
घणानं जमत नाही ते दोन रात्रींत
मूठभर हरभरे फुगून करतात.
तान्ह्या लेकराची टाळू धडधडताना बघतो
तेव्हा मला हे आठवतं. मी कुणाला सांगत नाही.

मेल्यावर कूर्चा टिकत नाही.
म्हणून मणक्यामणक्यात मी
सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून घालायचो,
गुडघ्यात दोन.
पहिल्या वर्षाची सायमा शेख, परळीची, विचारायची,
मामा, मेलेल्याला कशाला वायसर?
म्हटलं, हाडाला हाड घासलं की आवाज येतो, बाई.
मला नाही सहन होत.

तोच आवाज रिटायर झाल्यावर घरात ऐकला.
महानंदा भाकरी थापून उठत होती,
मी ओसरीवर पेपर वाचत होतो.
वळून बघायच्या आत कळलं, डावा गुडघा,
आतली बाजू.

ओपीडीत सायमाच होती, आता हाडांची डॉक्टर.
फिल्म काचेवर लावून गप्प राहिली थोडा वेळ,
मग म्हणाली, मामा, गॅप गेलाय.
वंगण आटलंय, हाड टेकलंय हाडाला.

मी बघत राहिलो.
जन्मभर तार पिळून जवळ आणत गेलो
एकेक हाड, आणि इथं दोघं
इतकी जवळ होती
की मधून सुईसुद्धा गेली नसती.

घरी येताना रिक्षात महानंदा म्हणाली,
मग घाला की तुमचा वायसर.
माळ्यावर जुनी ट्यूब हाय, चार जणींचे गुडघे होतील.
रिक्षावाला हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

रविवारी तिला हत्तीखान्यात नेलं,
हळूहळू, कठड्याला धरत.
दगडाचे हत्ती, डोंगरातूनच कोरलेले, अख्खे,
कुठं जोड नाही, कुठं भेग असेल ती काळाची.
ती पायरीवर बसली, गुडघा चोळत म्हणाली,
ह्यांचं बरंय बघा. दुखत न्हाई, खुपत न्हाई.
आणि थोड्या वेळानं,
पर एक पाऊल तरी टाकलंय का मेल्यांनी?

अंधारायला लागलं. काय करायलाव, चला की, म्हणाली.
मी हात दिला.
अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा असतो,
त्याच्याच जिवावर माकडापेक्षा माणूस वेगळा,
मॅडम शिकवायच्या.
त्यानंच मी सगळी तार पिळली,
आता त्याला सदऱ्याचं बटण लागत नाही.
तरी तिच्या मनगटाला विळखा बसला,
आठही चिंचोके हाताला लागले, आपापल्या जागी.

एक, ती म्हणाली. दोन.
तीनला दोघं उठलो
आणि कट्ट झालं.
तिचं की माझं,
लेण्यात घुमल्यामुळं कळलं नाही.