दूकते का

नवतपा लागला त्या दिवशी आला किप्रोनो,
केनियातल्या कुठल्याशा डोंगरावरून,
वीस वर्षांचा, पिशवीत बायबल,
पायात चर्चला जायचे काळे बूट.
काटोल नाक्याच्या पुढे आमचं कुष्ठरोग्यांचं घर.
ऑटोवाला फाटकाच्या खूप आधी उतरवतो,
उरलेलं ऊन ज्याचं त्यानं चालायचं.
साहेब म्हणाले, हा आठवडाभर सेवा करायला आलाय.
उरकुडाजी म्हणाले, कोणाची?

मी ड्रेसिंगवाली. बावीस वर्षं झाली.
माझ्या हाताखाली दिला त्याला.
पट्टी सोडली तसा रंग उडाला पोराचा,
पण खोलीबाहेर गेला नाही, हे सांगितलं पाहिजे.
मग वही काढून पहिलाच शब्द मागितला,
मी म्हटलं, लिही : दुखते का.
त्याच्या जिभेवर तो झाला दूकते का,
अन् तो निघाला खाटेखाटेनं,
दूकते का, सायत्राबाई? दूकते का, कवडूजी?
पुरा वॉर्ड हसून राहिला.
अरे पोरा, दुखलं असतं
तर बोटं काहून गेली असती?
कवडूजी तीन दिवस चालले खिळ्यावर,
सायत्राबाईला हात भाजल्याचं
वासावरून समजलं.
न दुखणं, हाच तर रोग.
हे इंग्रजीत मला सांगता येईना.
मेणबत्ती लावली, वर हात धरल्यासारखं केलं
अन् चेहरा दगडासारखा ठेवला.
त्या रात्री त्यानं भाकर अर्धीच खाल्ली.

अकरा कूलर, मोटर जळलेली.
हापशावरून बादल्या वाहायचा भर दुपारी.
संध्याकाळी गोवाऱ्याच्या शेळ्या परतल्या
तर त्यानं बोट केलं शेळ्यांकडे, मग स्वतःच्या छातीकडे :
किप्रोनो म्हणजे शेळ्या घरी येतात
त्या वेळचा जन्म.
मग गोरज म्हण ना, सायत्राबाई म्हणाली,
एवढं लांबड कशाला?
तेव्हापासून, गोरजा, कूलर आटला रे.

गुरुवारी घमेलं घेऊन बसला,
येशूनं शिष्यांचे धुतले तसे पाय धुवायला.
उरकुडाजींनी पाय दिला, पण म्हणाले,
पाणी किती तातलं ते तुलेच पाहा लागन,
मले नाही समजत.
त्यानं कोपर बुडवून पाहिलं,
मी शिकवलं नव्हतं.
धुऊन झाल्यावर म्हणाले, आता तुहा दाव.
लाजला. बूट निघता निघेना.
बादल्यांचं पाणी बुटात मुरलेलं,
टाच सोलून लाल, चार दिवस लपवलेली.
उरकुडाजींनी पेपर पसरला,
तळहाताला पट्ट्यानं बांधलेली पेन्सिल
फिरवली त्या लांबलचक पावलाभोवती,
कोणी ठरावाच्या कागदावर सही करावी तशी.

आमच्या चपलेत खिळा नसतो.
काळं मऊ रबर, सूत, सोल्युशन.
दोन रात्री बसले म्हातारबा.
निघायच्या सकाळी घातली त्याच्या पायात,
अन् वर पाहून विचारलं,
दुखते का?
एकतीस वर्षं ज्याला काटा कळला नाही, तो माणूस.
पोरगा म्हणाला, नाही.

खोटं बोलून राहिला बे.
ज्याले दुखते त्यानं तरी खरं सांगा लागते.

बराच वेळ पंखा वाजत राहिला.
मग तो म्हणाला, हो. इथं.
हे ‘इथं’ कुठून शिकला कोण जाणे.
उरकुडाजींनी पट्टा एक भोक ढिला केला.

बूट राहिले ड्रेसिंगच्या खोलीत,
विसरला की ठेवून गेला, विचारायचं राहिलं.
अकरा नंबर, कोणाच्या कामाचे नाहीत.
कूलर पुन्हा मीच भरते.
परवा खटक्यात बोट चिमटलं, मी ओरडले,
तर खाटाखाटांवरून
एका सुरात आवाज आला,
दूकते का?