बारावा

खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे.
डुलूथमध्ये, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
पूर्वी जिथं गालिच्यांचं दुकान होतं
तिथं आमची रविवारची सभा.
दमट सकाळी भिंतींना अजून लोकरीचा वास येतो.

क्रूस नाही.
‘आम्ही अमुक मानतो’ असं एका सुरात म्हणवून घेणारं
वचनही नाही.
कुणी देव मानतो, शेजारची मानत नाही,
दोघं एकाच किटलीतली कॉफी पितात.
कडू असते, कारण ती मी करतो.

आधी पेल्यात दिवा लागतो.
मग ज्याच्या मनात काही आहे तो पुढं येतो,
पाण्याच्या वाडग्यात एक खडा सोडतो,
बोलायचं तर बोलतो.
सभा संपली की मी ते खडे पुसून परडीत ठेवतो.
कुठला मरणाचा, कुठला नव्या नातवाचा,
ओला असताना कळत नाही.

मग मुलं सतरंजीवर येऊन बसतात
आणि व्हर्ना हापाला गोष्ट सांगते.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.
जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी गोष्ट ठरलेली:
हिमवादळ, रस्त्यात रुतलेली बस,
आणि आत रात्रभर अकरा मुलं.
कधी बर्फ खिडकीपर्यंत, कधी टपापर्यंत.
एका वर्षी कोल्हा येऊन काचेला नाक लावून गेला.
‘खरंच?’ मुलं विचारतात.
‘कोल्ह्याचं सांगता येत नाही,’ ती म्हणते,
‘थंडी खरी होती.’

अकरा मात्र कधी बदलले नाहीत.
दहा बोटांवर दहा,
अकरावा नाकावर.

यंदा दहा बोटं झाली,
हात नाकाकडे निघाला
आणि मध्येच राहिला.
‘नाक, नाक!’ सतरंजीवरून एक मुलगी कुजबुजली.
रेव्हरंड थिओडोरा अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या.
हीटरचा आवाज एवढा मोठा आहे
हे मला त्या दिवशी समजलं.

दाराजवळची खुर्ची डेल विक्स्ट्रॉमची.
उशिरा येतो, कोट काढत नाही,
कॉफीआधी निघून जातो.
तो उभा राहिला.
‘बारा,’ म्हणाला.

‘मी शेवटच्या सीटखाली होतो.
माझा थांबा येऊन गेला होता, मी उतरलो नव्हतो.
त्या आठवड्यात बाप घरी होता.’
मग बराच वेळ काहीच नाही.
‘रात्रभर ही गोष्टी सांगत होती,
मागपर्यंत पोचावं म्हणून जरा जास्तच मोठ्यानं.
हिचा कोट सीटखाली सरकत आला,
जणू चुकून पडला.
पहाटे बर्फ सारणारा नांगर आला.
अकरा घरी गेले.
मला हिनं आत्याच्या दारात सोडलं.
विचारलं काही नाही.’

व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं,
बसच्या आरशात पाहावं तसं, मान न वळवता.
‘अकरांची गोष्ट माझी होती,’ ती म्हणाली.
‘बाराव्याची माझी नव्हती.’

ती विसरली होती की थांबली होती
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी डेल कॉफीला थांबला.
‘कडू आहे,’ म्हणाला, आणि दुसरा कप घेतला.
ती कुजबुजणारी मुलगी अडून बसली होती:
दहा बोटं, मग नाक,
मग बारावा कुठं ठेवायचा?
कानावर ठेवला तर दोन कान आहेत,
तेरावा मागेल.

डेल गुडघ्यावर बसला.
काळं पडलेलं नख असलेलं आपलं बोट
त्यानं तिच्यापुढं धरलं.
‘हे घे.’

माझ्या हातात घडी केलेली खुर्ची होती.
ती मी पुन्हा उघडली.