बट्टा

परंड्याच्या महारुद्राप्पा हलकुडे सराफाच्या
एकोणीस चोपड्या माझ्याकडे आल्यात टाइप करायला.
पानामागे बारा रुपये. मोडी मी धाराशिवला शिकले,
दहा दिवसांच्या वर्गात, म्हणून अडखळते.

देशमाने सरांना हवेत फक्त भाव:
शंभर कलदाराला हाली किती.
सरकारी दर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै,
म्हणजे सहाला सात, पोरासोरांनाही तोंडपाठ.
पण बाजार कुठं सरकारचं ऐकतो.
भुईमुगाच्या गाड्या बार्शीला गेल्या
की येताना कलदार खुळखुळत यायचा, नि उतरायचा.
साऱ्याचा हप्ता तोंडावर आला
की मोगलाईत ज्याला त्याला हाली लागायचा. तो चढायचा.
मधे करोडगिरीचा नाका. तिथला शिपाई
गाडीतलं गवतसुद्धा चाचपून बघायचा;
भाव तेवढा त्याच्या डोळ्यांदेखत
इकडून तिकडं जायचा, बिनपासाचा.

मी रकाने भरते. आजूर, दै, बहमन.
फसली सन तेराशे एकावन्न.
महिनाअखेरीस एक ओळ ठरलेली:
गुलाबबी नबीसाब पिंजारी, बार्शी गिरणी.
आले कलदार सहा.
दिले हाली सहा रुपये पंधरा आणे.
बट्टा एक आणा.
मोठ्यांचा भाव वर जावो, खाली येवो,
तिचा हाच.
सरांनी किरकोळीची वेगळी रेघ काढलीय,
ती तिच्या पायवाटेसारखी सरळ.

एकवीस महिने हाच आकडा. बोटांना सवय झाली.
बाविसाव्यालाही मी सहा पंधरा ठोकून
पान उलटलं, आणि परत मागं आले.
तेराशे बावन्न, खुर्दाद.
आले कलदार सहा. दिले हाली सात.
बट्ट्याच्या रकान्यात आणा तसाच, एक.

बेरीज जुळेना.
सराफाची बेरीज न जुळणं म्हणजे
पुजाऱ्यानं देवाचं नाव विसरणं.
समासात एक शब्द, शाई उडालेला.
प दिसतो, र दिसतो, मधलं काही नाही.
पोर असेल. पूर असेल. पुरे असेल.
भिंग लावलं, खिडकीपाशी नेलं,
मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला.
जितका मोठा केला तितका तो कागद झाला.

मग घरखर्चाची चोपडी उघडली, सरांना नको असलेली.
तेल, गूळ, धाकट्याचं औषध,
जंगमाला दक्षिणा चार आणे,
आणि त्याच तारखेला, कुणाचं नाव नाही:
दुकानास देणे, एक आणा.

म्हणजे सोडला नव्हता. भरला होता.
दुकानाला खोट नको म्हणून
आप्पांनी आपल्याच घरातून.

पुढच्या महिन्यात ती आली.
सहा कलदार. सहा रुपये पंधरा आणे. बट्टा एक आणा.
मला वाटलं, आता दोन आणे कापेल, वसूल करेल.
चौदा महिने वाट बघत टाइप केलं.
नाही कापले.
पंधराव्या महिन्यापासून तिची ओळ नाही,
आणि त्याचं कारण कुठल्याच चोपडीत नाही.

शेवटच्या चोपडीत हाली बंद होतो.
चार भाषांतल्या नोटा मोजून बांधल्याची नोंद,
खाली कोरी पानं, एका पानावर
कुणा मुलानं काढलेला बैल.

काल सरांनी आलेख पडद्यावर लावला.
सरळ रेघेत एके ठिकाणी टाचणीएवढा उंचवटा.
"हे काय? टायपिंग चुकलं का?"
मी म्हटलं, नाही सर, मुळातच तसं आहे.
ते जवळ गेले, चष्मा वर केला,
बराच वेळ पाहिलं
आणि तळटीप सांगितली, ती मी टाइप केली:
सदर महिन्यात बहुधा
खुर्द्याची टंचाई असावी.