पोकळ

मे महिना, दुपारचे सव्वादोन,
धायरीत तिसऱ्या मजल्यावर
हॉलमधल्या चार फरश्या उठून बसल्या.
आवाज असा, की हे म्हणाले, सिलिंडर गेला!
मी म्हटलं, सिलिंडर गेला असता
तर सांगायला तुम्ही उरला नसतात.

लिंबाजी ओहोळ आले.
खिशातून दहाचं नाणं काढलं
आणि उकिडव्यानं टकटक करत घरभर फिरले.
भरीव. भरीव. पोकळ.
देव्हाऱ्यासमोर भरीव. दिवाणाखाली पोकळ.
बाल्कनीच्या दारापासून टीपॉयपर्यंत सगळंच पोकळ.
बारा वर्षं मी त्यावर बसून गहू निवडले,
एकदाही ऐकू आलं नाही.

"कोबा ओला होता. घाई कुणाला होती?"

घाई पत्रिकांना होती.
एकवीस तारखेची वास्तुशांत, पत्रिका वाटून झालेल्या,
केटरर आगाऊ पैसे घेऊन बसलेला.
तेव्हाच्या मिस्त्रीनं तीन आठवडे मागितले,
आम्ही आठ दिवस दिले, वर चहाला शंभर रुपये.
त्यानं प्रत्येक फरशीच्या पोटाखाली एकेक गोळा ठेवला,
कडा हवेवर सोडल्या.
भिंतीला मात्र अगदी चिकटवून लावली,
कारण फट दिसलेली मला खपत नव्हती.

ओहोळांनी भिंतीकडेनं करंगळीएवढी जागा सोडली.
"उन्हाळ्यात फरशी वाढते, बाई.
सरकायला जागा नसली की वर येते.
स्कर्टिंगखाली झाकेल, कुणाला दिसायची नाही."

हे रोज विचारायचे, अजून किती दिवस?
ते म्हणायचे, कोब्याला विचारा.

एकवीस रात्री आम्ही स्वयंपाकघरात झोपलो,
माझे पाय फ्रीजकडे, यांचं डोकं तांदळाच्या डब्याशी.
पुष्कळ वर्षांनी अंधारात बोलणं झालं,
बहुतेक कोब्याबद्दलच.

मग दातेरी थापीनं मसाला, कडेपर्यंत सारखा,
सांध्यांत प्लास्टिकचे पांढरे अधिक,
ग्राउटमध्ये पाणी मोजून.
"पातळ केलं की भरायला सोपं,
आणि वर्षभरात भुगा होऊन केरसुणीत."
जाताना मोरीतली ॲसिडची बाटली
न विचारता पिशवीत घालून घेऊन गेले.

काल भाजीवाल्यानं सुट्टे दिले, त्यात दहाचं नाणं आलं.
हे झोपल्यावर हॉलमध्ये उकिडवी बसले.
गुडघा वाजला.
भरीव. भरीव. भरीव.
दारापाशी एक जरा वेगळी वाटली.
पुन्हा वाजवली.

आतून हे म्हणाले,
कोण आहे?