तीन इंच वर

जंडेलसिंगची गाडी फोर-बाय-फोर, फौजेच्या लिलावातली.
घाटीगावापलीकडच्या खदानीत पिण्याचं पाणी नेते.
परवा दगडावर पोट टेकलं
आणि ट्रान्सफर केसनं सगळं तेल ओकलं.
"शितोळेजी, हिला तीन इंच वर घ्या.
चाकं राहू द्या, फक्त पोट."

असं कुणी म्हटलं की माझे गुडघे आधी दुखतात.

जॅक लावला. क्रॉस मेंबर कापला.
गिअरबॉक्सची शेपटी चेसिसच्या आत चढवली,
खालून हात फिरवला:
सपाट, घोरपडीगत.

पण पुढचा शाफ्ट आखूड.
तीन इंच त्याला जिन्यासारखे लागले,
क्रॉसची मान अशी मुरडली
की हातानं फिरवतानाच कुरकुरला.
किती तिरका? तळहात म्हणाला, पंधरा.
तळहाताचं वय आता सत्तावन्न.

म्हणून इरावतीची कंपासपेटी मागितली.
तिनं कोनमापकाला दोरा बांधला,
दोऱ्याला माझाच दहाचा नट,
आणि शाळेच्या कपड्यांनिशी शिरली गाडीखाली.
"सतरा," आतून म्हणाली. "मागच्याला तेरा.
आणि बाबा, मागची दोन तोंडं समांतर नाहीत."

समांतर.
चाळीस वर्षं हेच करत आलो,
शब्द मात्र तिच्याकडून घेतला.
तिरका क्रॉस एका फेऱ्यात
दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो.
पलीकडचा तेवढाच तिरका असला
तर तो ही घाई गिळून टाकतो,
चाकाला पत्ताही लागत नाही.

एक इंच परत दिला. जंडेलसिंग कुरकुरला.
रफीकच्या शेपरवर दीड अंशाच्या पाचरी घासल्या,
मागच्या पाट्यांखाली सारल्या,
पिनियनचं नाक जरा खाली आलं.
पुढचा शाफ्ट पुन्हा मोजला: पंधरा.
तळहाताचं खरं झालं, उशिरानं.

झाशी रोडवर चाळीसला भुणभुण,
पन्नासला थरथर,
साठला आरशात
ग्वाल्हेरचे किल्ले दोन दिसायला लागले.

परत खाली.
मागच्या शाफ्टची स्लिप एक दात चुकून बसली होती,
दोन टोकांचे कान एका रेषेत नव्हते.
उघडण्याआधी खडूची खूण करायची,
हे मी पोरांना कान पिळून शिकवलंय.
आणि या खेपेला, कोनांच्या नादात,
मीच विसरलो.

इरावती विचारत राहिली, कुठला अंश चुकला?
"तुझा नाही," एवढंच म्हणालो.
रफीक दाराशी बिडी शिलगावत
उगाच आभाळ बघत राहिला.

कोनमापकावरचे आकडे डिझेलनं पुसले गेले.
सोमवारी तिचा गणिताचा पेपर,
पाटणकर बाजारातून नवा आणून दिला.
जुना खिळ्याला टांगलाय, नटासकट.

रात्री जंडेलसिंगचा फोन.
भरलेली टाकी दगडावरून गेली,
पोटाला ओरखडाही नाही.
"बाकी सब ठीक, शितोळेजी,
बस हॉर्न नहीं बज रहा."