पेव

हरिपुरातला पूर ओसरला तेव्हा
पेवांची तोंडं गाळाखाली गेली होती.
सगळी जमीन एकसारखी,
पाटीवरून ओलं फडकं फिरवावं तशी.
व्यापारी वह्या घेऊन उभे.
वह्यांत पोती होती, पावत्या होत्या,
जागा कुणीच लिहून ठेवली नव्हती.
मग बाळगोंडाला बोलावणं गेलं. माझ्या बापाला.

तो अनवाणी चालला.
टाच आपटायचा, थांबायचा, पुढं सरकायचा.
"हितं हाय."
"हितं न्हाई."
एका जागी जरा जास्त थांबला.
"हितं हुतं कवातरी."
मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, खुंट्या रोवत मागून गेले.
अकरा खुंट्या. नऊ ठिकाणी तोंड लागलं,
दोन ठिकाणी नुसती चिकट माती.
कसं कळतं, विचारलं.
"कळत न्हाई. वाटतं. मग उकरायचं."

पुढं हैदराबादेत मी हेच शिकले, फेलोशिप घेऊन.
हळदीचा जीनोम: चार अक्षरं, शंभर कोटी वेळा,
शब्द कुठं तुटत नाही, टिंब नाही.
ए-टी-जी दिसलं तर ते जनुकाचं तोंड असेल.
असेल. योगायोगानंही ते
दर चौसष्ट अक्षरांमागं एकदा येतंच.
तीन-तीन अक्षरं पुढं सरकायचं,
मधला भरताड मजकूर कापून बाजूला ठेवायचा,
टी-ए-ए लागलं की थांबायचं
आणि शेजारी लिहायचं: शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी.
'वाटतं'ला आमच्यात असं लिहितात.

प्रोग्रॅमचं नाव मी पेव ठेवलं.
परीक्षकानं कळवलं, या अक्षरांचा विस्तार द्यावा.
एक रात्र बसून इंग्रजीत विस्तार जुळवला.
तो छापलेला आहे. मला पाठ नाही.

पेवनं एक्केचाळीस हजार जनुकं सांगितली.
निम्म्यांच्या पुढं एकच शेरा, काल्पनिक प्रथिन.
सुट्टीत बापाला पडद्यावर दाखवलं.
"काल्पनिक म्हंजी? हाय का न्हाई?"
"खुंटी मारलीय. उकरलं नाही अजून."
"कोण उकरणार?"
"दुसरं कुणीतरी. त्याला पैसे लागतात."
त्यानं तंबाखू मळली, बराच वेळ मळली.
"उघडल्या उघडल्या उतरू नगं.
कंदील सोडायचा आधी.
इझला तर वर बसून ऱ्हायचं."

बसून राहिले.
एक कंत्राट, दुसरं कंत्राट, सहा महिने काहीच नाही.
मग नवी यंत्रं आली. ती आरएनए सरळ वाचतात,
टाच आपटावी लागत नाही.
नव्या आवृत्तीत माझी सहा हजार जनुकं गळाली.
मी ती यादी उतरवून घेतली, एकेक क्रमांक वाचला,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
काहींना तोंड होतं, घेर होता, तळ होता,
आत काही नाही.
छद्मजनुक म्हणतात त्याला.
हुतं कवातरी.

यंदा पाटलांच्या मळ्यात प्लॉट पडले.
बंगल्याचा पाया खचायला नको म्हणून
परत बाळगोंडाला बोलावणं.
गुडघे गेलेत. माझ्या खांद्यावर हात टाकून चालला,
मीही चपला काढल्या, मला काही वाटलं नाही.
म्हणजे कळलं नाही.
"हाय," तो म्हणाला.
जेसीबी लागला. सात फुटांवर दगड.
दगड हलला तसा वास आला,
वीस वर्षं कोंडलेला, कडवट, ओळखीचा.
बाप म्हणाला, कंदील आणा.
कुणाकडंच नव्हता. मी मोबाईलचा टॉर्च लावला.
"त्यो इझत न्हाई," म्हणाला. "त्येचा काय उपेग?"

मग संगमेश्वराच्या देवळातून एक पोरगं पणती घेऊन आलं,
तळहात आडवा धरून, हळू हळू.
छत्रीच्या तारा वाकवून शिंकाळं केलं,
सुतळी बांधली, सोडली.
आठ हात.
दहा हात.
आम्ही सगळे वाकून.