आणि एक

साखर पेठेतल्या रद्दीवाल्याकडं सापडलं मला,
जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली.
चाळीसेक पानं, विडीच्या दोऱ्यानं शिवलेली.
वर लेखकाचं नाव: वटवट्या.
ना आडनाव, ना पत्ता.

हा आमच्या विडी कारखान्यातला चेकर.
सकाळी टेबलामागं बसून
बायांच्या विड्या चाचपायचा.
सैल वळलेली, फुटक्या पानाची, जराशी बुटकी,
सगळी छाट.
हजारात पन्नास, रागात असला तर साठ.
छाटीला पैसा नाही.
आणि दुपारी तोच माणूस
गोणपाट टाकून सुपांच्या रांगेत बसायचा,
"हं, मग? राक्षस उठला का?"

बाया तेलुगूत सांगायच्या,
लिंगव्वा मधेच कन्नडात एक शिवी हासडायची,
खैरूनबीची परी दख्खनीत भांडायची.
तो मराठीत उतरवून घ्यायचा
हजेरीच्या वहीच्या मागल्या पानांवर.
शब्द अडला की तेवढी जागा कोरी सोडायचा
आणि घरी जाऊन, कंदिलाशी,
आपल्या मनानं भरायचा.

कॉलेजातले एक सर म्हणाले, असाच एक इटलीत होता,
साडेचारशे वर्षं झाली.
त्याचंही खरं नाव कुणाला ठाऊक नाही.
बडबड्या, अशा अर्थाचं काहीतरी
पुस्तकावर छापलेलं.
चोर म्हणाले लोक त्याला, तेव्हा त्यानं लिहिलं:
गोष्टी माझ्या नाहीत,
दहा बायांच्या तोंडून ऐकल्या.
सर हसले. "बाया कसल्या, कल्पनाच ती."
मी गप्प बसले.
मला हात आठवत होते,
नखापर्यंत तंबाखूनं पिवळे,
गोष्ट रंगात आली तरी न थांबणारे.

त्यातले दोन हात सत्तेम्मा पिन्नीचे.
तिची गोष्ट सतराव्या पानावर आहे.
विणकराची पोरगी एवढी मोठी चादर विणते
की राजाला तिचा काठच सापडत नाही.
शोधत शोधत तो चादरीतच म्हातारा होतो.
पुस्तकात शेवटी दोघांचं लग्न लागतं,
हत्तीवरून साखर वाटतात.

छापून आलं तेव्हा पोस्टमननं वाचून दाखवलं तिला.
पिन्नी इतकी हसली की सूप कलंडलं.
"मेल्यानं हितंबी छाट काढली!
अरे, पोरगी एक दोरा ओढती,
वाडा उसवतो, राजा उसवतो, हत्ती उसवतो,
सगळं गुंडाळून कांडीवर घेती
नि संध्याकाळच्या आत घरला येती.
लगीन कुठलं?"

पुढच्या आठवड्यापासून
दहाही जणी त्याला मुद्दाम चुकीचे शेवट सांगू लागल्या.
दुसरी आवृत्ती त्याच शेवटांची आहे.
खरे शेवट घरोघरी गेले,
भाकरी भाजताना, पोरांची डोकी विंचरताना.
मला पिन्नीनं तीन सांगितले, तिन्ही वेगळे,
आणि तिन्ही वेळा गळ्याची शपथ घेतली.

तरी त्याला सरळ चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.
पहिल्याच पानावर त्यानं छापलंय:
"हे माझे नव्हे. ह्या दहा जणींचे."
खाली नावं. मी बोट ठेवून मोजली.
लिंगव्वा, खैरूनबी, राजम्मा, अंबूबाई...
नऊच भरतात.
दहाव्या जागी नुसतं: आणि एक.

पिन्नीला विचारलं होतं मी, ती अंथरुणाला टेकली तेव्हा.
म्हणाली, मीच बोलले त्याला, नाव घालू नको.
कामाच्या वेळेत गोष्टी सांगती म्हणून
मालकानं खाडा मांडला असता.
मग जरा वेळानं,
"त्यानं तरी कुठं घातलं सोताचं?"

पुस्तक आता माझ्याकडं आहे.
सतराव्या पानाशी शिवण सैल झालीय,
एक दोरा बाहेर लोंबतोय.
दुरुस्त करून घ्यावं म्हणून दोनदा
बाइंडरच्या दारापर्यंत जाऊन आले.